फिजिओथेरपी सरकारी कार्डावर होते का? कुठे जायचं, काय विचारायचं

लकवा मारलेले अब्बा आठ दिवसांनी रुग्णालयातून घरी येतात. ऑपरेशन किंवा औषधांचा खर्च योजनेतून झालेला असतो, घरचे शुक्र अदा करतात. डिस्चार्ज कार्डावर शेवटच्या ओळीत डॉक्टरांनी लिहिलेलं असतं, 'फिजिओथेरपी चालू ठेवा'. मग मोहल्ल्यातल्या क्लिनिकमध्ये चौकशी होते. रोजचे काही शे रुपये, निदान दोन-तीन महिने. कार्ड दाखवलं तर समोरचा सांगतो, "हे इथे चालत नाही." दहा-बारा दिवस पैसे भरले जातात आणि नंतर व्यायाम बंद. हात तसाच छातीशी आखडलेला राहतो.

हे टाळता येतं. पण त्यासाठी सरकारी कार्ड नेमकं कुठे चालतं आणि कुठे चालत नाही, हे आधी नीट समजून घ्यावं लागेल. अनेक कुटुंबं 'कार्ड घेणारं क्लिनिक' शोधत फिरतात आणि थकतात. आपल्याकडची व्यवस्था तशी बनलेलीच नाही.

कार्डाची खरी हद्द

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि केंद्राची आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना एकत्र राबवल्या जातात. पहिली २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून काही जिल्ह्यांत सुरू झाली, दुसरी सप्टेंबर २०१८ मध्ये. आज एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. पूर्वी पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड लागायचं. आता पांढरं कार्ड असलेली कुटुंबंही राज्याच्या योजनेत आली आहेत. ७० वर्षांवरच्या ज्येष्ठांना उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, ते ऑक्टोबर २०२४ पासून. घरात नाना-नानी, दादा-दादी असतील आणि हे कार्ड काढलेलं नसेल तर ते आधी काढून घ्या.

आता मुद्द्याची गोष्ट. या दोन्ही योजना मुख्यतः रुग्णालयात भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. ठरलेली पॅकेजेस आहेत आणि पॅकेजचे पैसे सरकार रुग्णालयाला देतं. रोज येऊन-जाऊन घ्यायची फिजिओथेरपी, म्हणजे ओपीडीतली, त्यात स्वतंत्रपणे बसत नाही. म्हणून कोपऱ्यावरचा फिजिओथेरपिस्ट कितीही भला माणूस असला तरी त्याला तुमचं कार्ड घेता येत नाही. त्याच्यावर रागावून उपयोग नाही.

मात्र भरती असताना जी फिजिओथेरपी लागते ती पॅकेजचाच भाग असते. खुब्याचं हाड मोडलं, मणक्याचं ऑपरेशन झालं, मेंदूत रक्तस्राव झाला, बायपास झाली, अशा रुग्णाला वॉर्डात असतानाच उठवून बसवणं, श्वासाचे व्यायाम देणं, वॉकर धरून चालवणं हे व्हायला हवं. त्यासाठी वेगळं बिल लावलं जात असेल तर गप्प बसू नका. डिस्चार्जनंतरही थोडे दिवस, केंद्राच्या योजनेत १५ दिवसांपर्यंत, फेरतपासणी आणि औषधं पॅकेजमध्ये धरलेली असतात. त्या फेरतपासणीला जाल तेव्हा फिजिओथेरपी विभागात जाऊन व्यायाम पुन्हा तपासून घ्यायला सांगा. आपण मागितलं नाही तर बऱ्याचदा कोणी देत नाही, हे कटू असलं तरी खरं आहे.

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, आणि सगळ्यात जास्त घाईही इथेच होते. रुग्ण घरी न्यायच्या आनंदात घरचे गाडी बघायला पळतात. त्याऐवजी एका माणसाने वॉर्डातल्या फिजिओथेरपिस्टला गाठावं. रुग्णाजवळ घरी जी व्यक्ती राहणार आहे, सून असो, मुलगी असो वा धाकटा भाऊ, तिलाच सोबत न्यावं. कुशीवर कसं वळवायचं, खुर्चीत कसं बसवायचं, लकव्याचा हात ओढायचा नाही म्हणजे नक्की काय करायचं, हे तिच्या हाताने करून घ्यावं. परवानगी घेऊन मोबाईलवर व्हिडिओ काढावा. घरी गेल्यावर तोच कामी येतो.

दुसरं म्हणजे, डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'फिजिओथेरपी' न लिहिता निदान, कुठल्या हालचालींना मनाई आहे, पायावर किती वजन द्यायचं आणि किती आठवडे, हे लिहून घ्या. पुढे सिव्हिलमध्ये किंवा कॉलेजच्या ओपीडीत हाच कागद बोलतो. एक्स-रे, एमआरआयच्या फिल्म आणि ऑपरेशनची नोंद यांच्या प्रती जवळ ठेवा. मूळ कागद कुणाकडे सोडू नका.

योजनेच्या प्रत्येक अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. त्याचं काम कार्ड तपासून देण्यापुरतं नाही. उपचार सुरू असताना अडचण आली, पैसे मागितले गेले, तर त्यालाच आधी सांगायचं. तो जागेवर नसेल तर राज्याच्या योजनेचा टोल फ्री क्रमांक १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००, आणि आयुष्मान भारतचा १४५५५.

मग रोजची फिजिओथेरपी कुठे?

उत्तर सरळ आहे, सरकारी रुग्णालयात. आणि इथे एक गोष्ट आहे जी अजूनही बऱ्याच घरांत पोहोचलेली नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपण ज्याला 'सिव्हिल' म्हणतो ते, सगळं यात येतं. केस पेपरचेही पैसे नाहीत. म्हणजे फिजिओथेरपीसाठी इथे विम्याचं कार्ड लागतच नाही.

हा निर्णय वैद्यकीय शिक्षण विभागाच्या रुग्णालयांना लागू नाही. पुण्याचं ससून, छत्रपती संभाजीनगरची घाटी, मुंबईचं जेजे, नागपूरचं मेडिकल ही त्या विभागाची आहेत. तिथे ठरलेले दर आहेत, पण खासगीच्या मानाने अगदी कमी. मुंबईत महापालिकेची केईएम, नायर आणि सायन ही रुग्णालयं फिजिओथेरपीसाठी जुनी आणि अनुभवी आहेत. तिथे या विषयाचं शिक्षणही दिलं जातं. हाजीअलीजवळ केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. लकवा, मणक्याची दुखापत, पोलिओचे जुने परिणाम, कापलेला पाय, अशा अवघड केसेससाठी ही संस्था ओळखली जाते. कृत्रिम पाय आणि कॅलिपरही तिथे बनतात. हाजीअलीच्या दर्ग्यावर आयुष्यभर जाणाऱ्या कित्येकांना ती इमारत शेजारीच आहे हे माहीत नसतं.

जिल्हा रुग्णालयात गेल्यावर थेट 'फिजिओथेरपी कुठे आहे' विचारत फिरण्यापेक्षा आधी केस पेपर काढा आणि अस्थिरोग किंवा मेडिसिनच्या डॉक्टरांना दाखवा. त्यांनी पेपरवर लिहिलं की विभागात नोंद होते. बोर्डावर कधी 'भौतिकोपचार विभाग' लिहिलेलं असतं, ते तेच. ओपीडी सकाळची असते आणि गर्दीही तेव्हाच, त्यामुळे पहिल्या दिवशी अर्धा दिवस हाताशी ठेवून जा. ज्येष्ठांसाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत वृद्धांसाठी वेगळी ओपीडी आणि फिजिओथेरपीची सोय धरलेली आहे. साठीच्या पुढच्या रुग्णासाठी तिची चौकशी केली तर रांगेतली दमछाक वाचू शकते.

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट प्रत्येक ठिकाणी असेलच असं नाही. कुठे आठवड्यातले ठरलेले दिवस असतात. आधी फोन करून विचारा, किंवा आशाताईंना विचारा. त्यांना बहुतेक माहीत असतं.

दुसरी चांगली वाट फिजिओथेरपी कॉलेजच्या ओपीडीची. पुण्याच्या आझम कॅम्पसमध्ये एम. ए. रंगूनवाला फिजिओथेरपी कॉलेज आहे, लोणीला प्रवरा, कराडला कृष्णा, अशी खासगी कॉलेजेसही राज्यभर आहेत. त्यांना शिकवण्यासाठी रुग्ण हवे असतात, म्हणून दर साधारणपणे कमी ठेवतात. विद्यार्थी हात लावणार म्हणून काही जण बिचकतात. माझं मत उलटं आहे. इंटर्नशिप करणारी मुलं रुग्णाला जास्त वेळ देतात आणि मागे शिक्षक उभे असतात. पाच मिनिटांत उरकणाऱ्या अनुभवी माणसापेक्षा हे बरं.

कारखान्यात, दुकानात, लूमवर काम करणाऱ्यांसाठी

ज्याचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे आणि ज्याच्या पगारातून ईएसआय कापला जातो, त्याच्याकडे खरं तर सगळ्यात भक्कम विमा आहे. कामगाराचा हिस्सा पगाराच्या ०.७५ टक्के, मालकाचा ३.२५ टक्के. ही योजना ओपीडीलाही लागू आहे. फिजिओथेरपी, औषधं, तपासण्या, सगळं; आणि फक्त कामगाराला नाही तर बायको-मुलांना आणि अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही. आधी आपल्या विमा दवाखान्यात दाखवायचं, तिथून चिठ्ठी घेऊन ईएसआय रुग्णालयात जायचं. मुंबईत अंधेरी, कांदिवली, मुलुंड, शिवाय ठाणे, नाशिक, सोलापूर, नागपूर इथे अशी रुग्णालयं आहेत.

याशिवाय पैशाचाही लाभ आहे. कामावर असताना इजा झाली तर बरं होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के इतका तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ, आणि आजारपणासाठी वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के. याच्या काही अटी आहेत, पण खांद्याच्या ऑपरेशननंतर दोन महिने घरी बसायचं म्हटलं की घर कसं चालणार, हा प्रश्न यातून बराच सुटतो. लोक फिजिओथेरपी सोडतात ती फीपेक्षा बुडणाऱ्या रोजंदारीमुळे, हे विसरून चालणार नाही.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर बारा-बारा तास उभं राहणाऱ्यांची कंबर आणि गुडघे चाळिशीतच बोलायला लागतात. त्यातल्या बहुतेकांची ईएसआयमध्ये नोंद नसते. नोंद आहे की नाही हे मालकाला विचारायला संकोच वाटत असेल तर पगाराची पावती बघा, नाहीतर ईएसआयच्या १८०० ११ २५२६ या क्रमांकावर विचारा. आपल्या पगारातून पैसे कापले जात असतील आणि आपल्याकडे विमा क्रमांक नसेल, तर तो आपला हक्क अडकलेला आहे.

लहान मुलांसाठी वेगळं दार

मान उशिरा धरणारं, पाय ताठ असलेलं, चालायला उशीर झालेलं मूल असेल तर 'होईल मोठं झाल्यावर' म्हणून वर्षं घालवू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि सरकारी व अनुदानित शाळांत तपासणी होते, उर्दू शाळाही त्यात आल्या. ज्यांना गरज आहे त्यांना जिल्हा रुग्णालयाच्या आवारातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. तिथे फिजिओथेरपिस्टसोबत वाचा, श्रवण आणि मानसशास्त्राचेही तज्ज्ञ असणं अपेक्षित आहे. सगळं मोफत. मदरशात शिकणारं किंवा शाळेत नाव नसलेलं मूल असेल तर तपासणी पथकाची वाट न बघता सरळ जिल्हा रुग्णालयात घेऊन जा.

सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांगता असेल तर केंद्राच्या राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' विमा योजना आहे. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण, वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही. आणि महत्त्वाचं, यात ठरलेल्या मर्यादेत नियमित थेरपीचा खर्च बसतो, तोही खासगी ठिकाणी घेतला तरी. म्हणजे मोहल्ल्यातल्या क्लिनिकची पावती खऱ्या अर्थाने चालते ती इथे. पैसे आधी आपण भरायचे, मग पावत्या आणि डॉक्टरची चिठ्ठी जोडून परत मागायचे. त्यासाठी अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून यूडीआयडी कार्ड लवकर काढा. पावत्यांवर तारीख, सही आणि नोंदणी क्रमांक आहे ना, हे त्याच दिवशी बघा. वर्षाअखेरीस धावपळ करून काही मिळत नाही.

नावातला फरक

योजनांत आपल्या लोकांचं सगळ्यात जास्त अडतं ते स्पेलिंगवर. रेशनकार्डावर 'शेख मोहंमद', आधारवर 'मोहम्मद शेख', जुन्या कागदावर नुसतं 'मो.'. लग्नानंतर सुनेचं नाव सासरच्या कार्डावर चढवलेलं नसतं आणि माहेरच्यावरून कमी झालेलं असतं, म्हणजे ती कुठेच नाही. मग आयसीयूच्या दारात झेरॉक्स काढत बसावं लागतं. शिधावाटप कार्यालयात किंवा तहसीलमध्ये हे काम सवडीने करून घ्या, घरात सगळे धडधाकट असताना. ई-केवायसी राहिली असेल तर तीही.

बायकांचा प्रश्न

फिजिओथेरपीत अंगाला हात लावावाच लागतो. परक्या पुरुषासमोर संकोच वाटतो म्हणून अम्मी, खाला, नानी 'बरं वाटतंय आता' म्हणून विषय संपवतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. हा संकोच समजण्यासारखा आहे. पण तो उपचार सोडायचं कारण होऊ नये. या पेशात बायकांचं प्रमाण चांगलं आहे, सरकारी विभागांतही. नोंद करतानाच 'लेडी फिजिओथेरपिस्ट हव्यात' असं सांगा, पडद्याआडची खाट मागा, घरातली एक बाई सोबत ठेवा. सैल सलवार किंवा ट्रॅकपँट घालून गेलात तर गुडघा-कंबर तपासायला कपडे फार हलवावे लागत नाहीत. बाळंतपणानंतरची कंबरदुखी, शिंकताना लघवी सुटणं, यासाठीही व्यायाम असतात. हे सांगायला लाजण्यासारखं काही नाही. त्यांच्यासाठी रोजचंच आहे.

नमाजचाही विषय मोकळेपणाने काढा. गुडघा बदलल्यावर सजदा आणि कायदा कसा करायचा, खुर्ची किती दिवस वापरायची, हे फिजिओथेरपिस्टला हालचाल करून दाखवून विचारा. 'खाली बसायचं नाही' एवढं ऐकून घरी येऊ नका. कितपत वाकायला हरकत नाही ते तो सांगेल; खुर्चीवर नमाज कशी अदा करायची ते आपल्या इमाम साहेबांकडून समजून घ्या. रमजानमध्ये व्यायामाची वेळ बदलून मागता येते, बहुतेकांना इफ्तारनंतरची किंवा सकाळी लवकरची सोयीची पडते.

समोरचा माणूस कोण आहे?

मोफत असो वा पैसे देऊन, ज्याच्या हातात खांदा द्यायचा तो शिकलेला हवा. बीपीटीएच किंवा एमपीटीएच ही पदवी आणि महाराष्ट्र राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची नोंदणी, या दोन गोष्टी बघा. नोंदणी क्रमांक विचारला तर खरा माणूस रागावत नाही. हाडवैद्य, पहिलवान, मालिशवाले यांच्याकडे पिढ्यान् पिढ्या जाणारे आपण. मुका मार लागला तर मालिशने बरं वाटतंही. पण हाड मोडल्याची शंका असताना किंवा मान-मणक्याला कुणालाही कडकड करू देऊ नका.

चांगली फिजिओथेरपी ओळखायची खूण एकच, पहिल्या दिवशी तुमची तपासणी होते आणि घरी करायचे व्यायाम दिले जातात. रोज पंधरा मिनिटं मशीनची पॅड लावून, शेक देऊन घरी पाठवत असतील आणि दोन आठवड्यांत व्यायाम एकदाही बदलले नसतील, तर ठिकाण बदला. मशीन दुखणं थोडं कमी करतं. ताकद व्यायामानेच येते. शुगर असलेल्यांचा आखडलेला खांदा तर महिनोन् महिने चालतो, तिथे नुसत्या शेकाने काही होत नाही.

रोज सिव्हिलला जाणं रिक्षाभाड्यामुळे परवडत नसेल तर ते स्पष्ट सांगा. "आठवड्यातून दोनदा येऊ शकतो, बाकीचे दिवस घरचं लिहून द्या", असं म्हटलं की ते तसा कार्यक्रम बसवून देतात. गावाहून येणाऱ्यांनी एसटीच्या सवलती लक्षात ठेवाव्यात: बायकांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाला अर्धं, ७५ च्या पुढे मोफत, आणि अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर त्याची वेगळी सवलत.

काही लक्षणं मात्र फिजिओथेरपीची वाट बघण्याची नसतात. तोंड वाकडं होणं, एक हात-पाय अचानक गळणं, बोलणं अडखळणं दिसलं तर १०८ ला फोन करा, तेल लावत बसू नका. कंबरदुखीसोबत लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा ऑपरेशननंतर एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

ट्रस्टची मोठी रुग्णालयं

शहरांतल्या धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने ठरलेली ही योजना आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवकाला भेटा. भरती रुग्णाची फिजिओथेरपी त्यातच येते. ओपीडीच्या दरात सवलत मिळेल का, तेही त्यांनाच विचारा. तोंडी नकार मिळाला तर लेखी मागा. तेवढ्यानेही कधी कधी उत्तर बदलतं. नाहीच बदललं तर जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात अर्ज करता येतो, साध्या कागदावर, वकिलाशिवाय.